उंबऱ्यावरचं लोणी

माझ्या बायकोला हिवाळ्यात हसताना मी पहिल्यांदा ऐकलं, ते फोनवर. लग्नाला एकोणचाळीस वर्षं होऊन गेली होती, जानेवारी अर्धा सरला होता आणि ती माझ्यापासून बोटीने अडीच तासांवर, बाहेर उघड्या समुद्रातल्या बेटावर, तिच्या बहिणीच्या घरी होती. मी फोन केला होता तो मेंढ्यांच्या लसीचे कागद कुठे ठेवलेत हे विचारायला. तिची बहीण गुनवोर मागून काहीतरी पुटपुटली आणि बोर्गहिल्ड खळखळून हसली. आधी मला वाटलं, मलाच हसतायत. मग लक्षात आलं की हे हसणं माझ्या ओळखीचं आहे. फक्त ते जूनमधलं आहे.

जूनमध्येच तर मला ती भेटली होती. मी त्या बेटावर मेंढे चरायला सोडायला गेलो होतो. रात्रीचे दहा वाजले तरी ऊन लख्ख, आणि ही धक्क्यावर पाय सोडून बसलेली, मासे साफ करणाऱ्या बायांच्या नकला करत होती. मी तिथेच घायाळ. पुढच्या जूनमध्ये लग्न झालं आणि मी तिला आमच्या दरीत घेऊन आलो. नोव्हेंबर उजाडला तशी ती गप्प झाली. मला वाटलं, नव्याची नवलाई संपली. सगळ्यांचंच असं होत असेल.

आमच्या घराचं नाव सोलब्रेक्का, म्हणजे उन्हाचा उतार. हिवाळ्यात हे नाव ऐकून लोकांना हसू येतं. दोन्ही बाजूंना डोंगर, आणि दक्षिणेला नदीच्या पलीकडे एक बुटकी टेकडी. इतक्या उत्तरेला हिवाळ्यात सूर्य भर दुपारीही जेमतेम वर येतो. दहा नोव्हेंबरला तो या टेकडीमागे जातो, तो पार फेब्रुवारीपर्यंत तोंड दाखवत नाही. मग दोन फेब्रुवारीला, बाराच्या सुमारास, टेकडीच्या मधोमध जी खिंड आहे तिच्यातून तो डोकावतो आणि अख्ख्या गावात सगळ्यात आधी आमच्या उंबऱ्याच्या दगडावर पडतो. माझ्या लहानपणी त्या दिवशी सारं गाव आमच्या अंगणात जमायचं. उंबऱ्यावर लोण्याचा गोळा ठेवायचा. तो उन्हाने मऊ झाला की घरच्या बाईने सुरीने पातळ भाकरीवर फासायचा आणि प्रत्येकाला एकेक तुकडा द्यायचा. मग कॉफी. झालं, हिवाळ्याचं कंबरडं मोडलं असं समजायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत बोर्गहिल्डने ते लोणी लावलं. लोण्यावर चकाकी आली तेव्हा ती भर लोकांत रडायला लागली, आणि आमचा शेजारी हाल्वर म्हणाला, "आर्नफिन, बायकोला सांग, लोणी खारवलेलंच आहे, आणखी मीठ नको."

सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी तिने कोठीच्या दारामागे पेन्सिलने काहीतरी लिहिलं. नंतर दरवर्षी, ऊन उंबऱ्यावर आलं की ती तिथे जाऊन लिहायची. मी कधी वाचायला गेलो नाही.

आता ही टेकडी. माझ्या लहानपणी ती बोडकी होती. मी बारा वर्षांचा असताना मास्तर आम्हा पोरांना मे महिन्यात तिच्यावर घेऊन गेले. तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं. शाळेशाळांतून स्प्रूसची, म्हणजे बारमाही हिरव्या सूचिपर्णी झाडांची, रोपं लावायची, उद्या देशाला लाकूड मिळेल. प्रत्येकाला रोपांची एक जुडी, प्रत्येकाची एक रांग, आणि ज्याची रांग लांब त्याचं नाव शाळेच्या फळ्यावर. मास्तरांनी बजावलं होतं, "खिंड मोकळी ठेवा रे. तिथून सूर्य येतो." माझी रांग खिंडीपाशी येऊन अडली. हातात चाळीस रोपं उरली होती, आणि हाल्वरची रांग माझ्याहून लांब दिसत होती. मास्तर खाली कॉफी पीत बसलेले. मी ती चाळीसच्या चाळीस खिंडीत खोचली.

माझं नाव फळ्यावर लागलं. चाळीस बोटभर रोपं, त्यांनी सूर्याचं काय वाकडं होणार? मी ते कोणालाच सांगितलं नाही. पुढे टेकडी माझ्याच वाट्याला आली, झाडं माझी झाली, आणि मी त्यांच्याकडे मोठ्या कौतुकाने बघायचो.

रोपाचं झाड होताना कोणी बसून बघत नाही. एका वर्षी ऊन दोनऐवजी तीन फेब्रुवारीला आलं. एका वर्षी पाचला. लोक म्हणायचे ढग असतील. अंगणात येऊन, थंडीत पाय आपटून, ऊन न बघता परत जायचा त्यांना कंटाळा आला. उन्हाची कॉफी समाजमंदिरात, सोयीच्या रविवारी होऊ लागली. "तुझा उंबरा म्हातारा झाला बाबा," हाल्वर म्हणायचा, "सूर्याला आता दिसत नाही तो." मला त्याचंही काही वाटलं नाही. घरात चिखलाचे बूट येत नाहीत, बरंच झालं, असं मी म्हणालो होतो. बोर्गहिल्ड मात्र दर दोन फेब्रुवारीला लोणी ठेवत राहिली. संध्याकाळी ते दगडासारखं घट्ट लोणी उचलून आत आणायची.

हिवाळ्यातल्या बोर्गहिल्डबद्दल खरं सांगायचं तर मला तिचा राग यायचा. ऑक्टोबर संपला की तिची चाल जड व्हायची. बारा-बारा तास झोपायची, उठली की पावाचे तुकडे चघळत खिडकीशी बसायची, केस विंचरायची नाही. काही विचारलं तर "हं." मी मेंढ्यांचं करून घरात यायचो तर चूल थंड. मी म्हणायचो, "किनाऱ्याची माणसं तुम्ही, वारा थांबला की रुसता." कॉड माशाच्या तेलाचा चमचा मीच तिच्या पुढे धरायचो. तेवढं केलं की आपलं कर्तव्य झालं, असं मला वाटायचं. एप्रिल आला की ती पुन्हा बोलायला लागायची, परड्यात वाफे घालायची, कुंपण रंगवायची, आणि मी मनात म्हणायचो, चला, रुसवा गेला.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत तिने मला हाताला धरून कोठीच्या दाराशी नेलं.

"हे बघ."

"काय बघू? पेन्सिलीचे फराटे."

"तारखा आहेत. वरची बघ आणि खालची बघ."

खालची नऊ फेब्रुवारी होती. मी म्हणालो, "ढग असतील."

"सतरा वर्षं ढग? आणि दरवर्षी थोडे थोडे वाढते?"

"अगं, सूर्य म्हणजे काय बस आहे उशीर करायला?"

"सूर्य वेळेवरच येतो, आर्नफिन. तुझी झाडं आडवी येतात. शरदातही तसंच. पूर्वी दहा नोव्हेंबरला जायचा, आता त्याच्या आठवडाभर आधीच जातो. दोन्हीकडून कुरतडतायत." एवढं ती हिवाळ्यात सहसा बोलत नसे. ती पुढे म्हणाली, "सगळं जंगल नको पाडू. फक्त खिंडीतली झाडं. तेवढीच."

खिंड म्हटल्यावर मला फळ्यावरचं माझं नाव आठवलं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, आणि बारा वर्षांच्या पोरासारखा घाबरलो. घाबरलो की मी चढ्या आवाजात बोलतो.

"कच्ची आहेत अजून! साठ वर्षं झाल्याशिवाय स्प्रूसला हात लावत नाहीत. जरा विचार माहितगारांना."

"साठ होतील तेव्हा मी किती वर्षांची असेन?"

मी मनात हिशेब केला आणि हसून म्हणालो, "पासष्ट. चांगली पिकलेली."

ती हसली नाही. दार लावून घेतलं आणि परत खिडकीशी जाऊन बसली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. मी तर जिंकल्यासारखा बाहेर गेलो.

पुढे एका फेब्रुवारीत ती अंगणातल्या बर्फावर पडली आणि मनगट मोडलं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हाडं तपासली, आणि तिच्याऐवजी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हाडं ठिसूळ झालीयत. पण मला त्याहून काळजी मनाची वाटते. दर हिवाळ्यात असंच असतं का?"

"स्वभाव आहे तिचा," मी म्हणालो.

"उन्हाळ्यातही?"

डॉक्टरीणबाईंनी एक दिवा लिहून दिला. रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. पांढराफटक चौकोनी दिवा, मेज उजळून टाकायचा. ती त्याच्यासमोर डोळे अर्धवट मिटून बसायची आणि मी म्हणायचो, "कोंबडीची पिल्लं ऊब घेत बसतात तशी दिसतेस." दिव्याने थोडा फरक पडला, नाही असं नाही. केस विंचरायला लागली. पण दिव्यासमोर बसून माणूस नकला करत नाही. घरापासून हाकेच्या अंतरावर, टेकडीच्या पलीकडे फुकटचं ऊन सांडलेलं, आणि मी तिला विजेचं ऊन आणून दिलं होतं. आज हे लिहितानाही माझे कान तापतात.

मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात गुनवोर एकटी पडली, नवरा गेला तिचा. बोर्गहिल्ड म्हणाली, "हिवाळाभर जाते तिच्याकडे." मी म्हणालो, जा. खरं तर मला जरा मोकळंच वाटलं. आणि मग जानेवारीत ते हसणं ऐकलं.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीशी, तिच्या खुर्चीवर बसून राहिलो. बारा वाजत आले होते. टेकडीच्या मागे आभाळ पिवळं झालं होतं आणि त्याच्यापुढे खिंडीतली झाडं काळी, दाट, कंगव्याच्या दातांसारखी उभी. मी तिच्या खुर्चीत भर दुपारी कधी बसलोच नव्हतो. एकोणचाळीस वर्षं मी एका बाईशी अर्धाच संसार केला होता, आणि उरलेली अर्धी बाई मी स्वतःच्या हाताने खिंडीत गाडून टाकली होती.

ती एप्रिलमध्ये आली, पंधरा दिवस राहिली, आणि हिवाळी कपडे घेऊन परत गेली. मेमध्ये आली नाही. जूनमध्ये मी बेटावर गेलो. तिने चांगलं जेवू घातलं, गमती सांगितल्या, आणि संध्याकाळी मला धक्क्यावर पोचवायला आली. "येतेस ना?" असं विचारायचं माझ्या ओठांवर होतं. मी विचारलं, "कुंपण रंगवायला कुठला रंग आणू?" ती म्हणाली, "तुला आवडेल तो आण."

सप्टेंबरात मी हाल्वरला हाक मारली. तो आपली करवत घेऊन आला. खिंडीत चाळीसपैकी एकतीस झाडं उरली होती, घरापेक्षा तिप्पट उंच. आम्ही दोन म्हातारे, वाकत, शिव्या घालत, एकेक पाडत गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं आडवं झालं.

"पुढचं कुठलं?" हाल्वरने विचारलं.

"झालं. एवढंच होतं."

"एवढंच?" त्याने करवत बंद केली. "मला वाटलं, बर्फ पडेपर्यंत पुरेल. तीन दिवसांचंच काम होतं की रे!"

तो आणखी बोलला असता तर बरं झालं असतं. मी बुंध्यावरची वर्तुळं मोजायला वाकलो, कारण मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं. लाकूड अजून पुरतं पिकलेलं नव्हतं. त्याने काही बिघडलं नाही.

त्याच संध्याकाळी मी फोन केला. "झाडं पाडली."

"कोणती?"

"खिंडीतली. सगळी."

मग ती म्हणाली, "बरं केलंस."

"दोन फेब्रुवारीला येशील? लोणी ठेवतो. सगळ्यांना बोलावतो, पूर्वीसारखं."

"येईन," ती म्हणाली. "दोन तारखेला नक्की येईन."

मी त्या "येईन"चा मला हवा तो अर्थ लावला. तो दिवा माळ्यावर टाकला. कपाटाचे तिचे दोन कप्पे झाडून, नवा कागद घालून ठेवले. कुंपण हिरवं रंगवलं, पाच ठिकाणी ओघळ आले. खिडकीच्या काचा व्हिनेगरने पुसल्या. जन्मात कधी पुसल्या नव्हत्या.

दोन तारखेला मी धक्क्यावर अर्धा तास आधीच जाऊन उभा होतो. ती बोटीतून उतरली. गाल तांबूस, पाठ ताठ, केस कापलेले. फेब्रुवारीत अशी दिसणारी बोर्गहिल्ड मी पाहिली नव्हती. हातात फक्त एक कापडी पिशवी. मी सामान घ्यायला तिच्या मागे बघितलं, तर खलाशी दोर सोडत होता.

"बॅग?"

"लागणार नाही," ती म्हणाली. "परतीची बोट सव्वादोनला आहे."

मी मान हलवली आणि पिशवी घेतली. तिच्यात बहिणीने दिलेली वाळवलेली मासळी होती.

अंगणात वीसेक माणसं जमली होती. कितीतरी वर्षांनी चिखलाचे बूट आमच्या दारात आले होते. लोण्याचा गोळा मी सकाळीच दगडावर ठेवला होता. बारा वाजले. बारा वाजून पाच झाले. खिंडीतल्या एकतीस बुंध्यांवर उजेड दाटला, एक धार सुटली, आणि ऊन नदी ओलांडून, कुंपण ओलांडून, उंबऱ्याच्या दगडावर येऊन पडलं. हाल्वरने टोपी काढली. थोड्या वेळाने लोण्याच्या कडेवर चकाकी आली.

हाल्वरच्या बायकोने भाकरीची चवड पुढे केली आणि सुरी बोर्गहिल्डला दिली. बोर्गहिल्डने ती घेतली, क्षणभर हातात धरली, आणि माझ्यापुढे केली.

"घरच्या माणसाचं काम आहे ते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण मायेने म्हणाली. "मी आज पाहुणी."

मी लोणी फासलं. काही तुकड्यांवर जाड थर बसला, काहींवर नुसता ओरखडा, पण या वेळी हाल्वरला काही विनोद सुचला नाही.

लोक कॉफीसाठी आत गेले. आम्ही दोघं उंबऱ्यावर बसलो. तिने डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलं होतं. मी म्हणालो, "बोर्गहिल्ड, खिंडीतली ती झाडं मीच लावली होती. मास्तर नको म्हणाले होते. फळ्यावर नाव यावं म्हणून लावली. बारा वर्षांचा होतो मी."

तिने डोळे उघडले नाहीत. "बारा वर्षांच्या पोरावर मी कशाला रागावू?" ती म्हणाली. "मी सांगितलं तेव्हा तू अठ्ठेचाळीसचा होतास."

मला माफी मागायची होती आणि मी ती मागितली. शब्द तोंडात घट्ट झाले होते, तरी मागितली. तिने माझ्या हातावर हात ठेवला. तो हात गरम होता.

खिंडीच्या पश्चिमेच्या कडेला सूर्य टेकला. सावली कुंपणापासून सरकत आली, तिच्या बुटांवर, मग गुडघ्यांवर.

"किती वेळ होता?" तिने विचारलं.

"अकरा मिनिटं. पण उद्या जास्त असेल. महिनाअखेरीला तर..."

"गुनवोरकडे दहा ते तीन असतं."

"मग इथे नाहीच येणार?"

"उन्हाळ्यात येत जाईन." ती उठली आणि स्कर्ट झटकला. "तेव्हा मला अकरा मिनिटं पुरली असती रे."

सव्वादोनच्या बोटीवर मी तिला बसवून दिलं. घरी आलो तोवर लोक गेले होते, कपबशा धुऊन पालथ्या घातल्या होत्या, आणि उरलेलं लोणी दगडावर परत घट्ट झालं होतं. मी पेन्सिल घेऊन कोठीच्या दाराशी गेलो. कोणीतरी तारीख लिहायला हवी होती. खाली चौदा फेब्रुवारी, तेरा फेब्रुवारी, आणि वर वर जात बारीक होत गेलेल्या तारखा. चष्मा लावून मी पहिल्यांदाच अगदी वरची ओळ नीट वाचली. तिथे नव्या नवरीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, "२ फेब्रुवारी. अकरा मिनिटं. भरपूर."